मुरबाडहून आणलेली बॅटरी

आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. आत जो घालायचा तो सेल. गोडाऊनमध्ये कामाला लागले तेव्हा यावरून माझं हसं झालं होतं. सुपरवायझर म्हणाला, "टॉर्च का कार्टन खोल," आणि मी बॅटरी लिहिलेला खोका शोधत बसले. त्यात निघाले घड्याळाचे सेल.

शहापूरच्या अलीकडे हायवेला लागून ते गोडाऊन आहे. लोक मोबाइलवरून सामान मागवतात, ते तिथून जातं, आणि जे नको असतं ते तिथेच परत येतं. मी परत आलेल्या मालाच्या टेबलावर होते. खोका उघडायचा, वस्तू चालते का बघायची, चालत असेल तर एका बाजूला, मोडकी असेल तर दुसऱ्या बाजूला. बारावीपर्यंत शिकले होते, तेवढं इंग्रजी वाचता यायचं. लोक परत पाठवताना कारण लिहीत, ते वाचायला मला आवडायचं. "फोटोत मोठी वाटली." "नवऱ्याला आवडली नाही." "चार्ज होत नाही."

बॅटऱ्या पुष्कळ परत यायच्या. त्या हाताळून हाताळून मला त्यांची खोड कळायला लागली. पुढचा भाग ओढला की उजेड लहानमोठा होतो ती बघायला छान, पण तिथूनच पाणी शिरतं. जिचं बटण जरा दाबलं तरी पेटतं, ती पिशवीत आपोआप पेटून राहते, गरम होते आणि गरजेच्या वेळी संपलेली निघते. जिचा सेल आतच कायमचा बसवलेला असतो, तिचा सेल फुगला की सगळीच फेकायची. चार्जिंगच्या भोकावरची रबरी टोपी सगळ्यात आधी तुटते. आणि खोक्यावर जेवढा मोठा आकडा छापलेला, तेवढा उजेड कमी, असंही मला दिसून आलं होतं. एक मात्र फार कमी वेळा परत यायची. काळी, बोटाएवढी लांब, अंगठ्याहून थोडी जाड, पाठीला खिशात अडकवायची पट्टी. सेल काढता यायचा. मोबाइलच्याच वायरने चार्ज व्हायची. बटण दोनदा दाबल्याशिवाय पेटायची नाही. परत आलीच तर लोकांनी लिहिलेलं असायचं, "दुसरी मिळाली." म्हणजे बॅटरीचा दोष नाही.

मला बॅटरी हवीशी का वाटली, ते सांगते. कंपनीची मिनीबस आम्हा बायकांना शेणव्याच्या पुढच्या फाट्यावर सोडायची आणि परत फिरून हायवेने कसाऱ्याच्या बायकांना घेऊन जायची. ती बस माझा नवराच चालवायचा. तो त्याच ठेकेदाराकडे ड्रायव्हर होता. पण बस घरापर्यंत आणायची परवानगी नव्हती, कसाऱ्याला उशीर झाला तर त्याला बोलणी बसायची. फाट्यापासून आमची वाडी बरीच आत. मध्ये शेतं, एक ओढा, त्यावर कठडा नसलेली मोरी. खांब उभे आहेत, त्यावर दिवे नाहीत. थंडीच्या दिवसांत आम्ही उतरायचो तेव्हा अंधार पडलेला असायचा.

माझ्याबरोबर शेजारची एक जण होती. तीही गोडाऊनमध्येच, पॅकिंगला. आम्ही मोबाइलच्या उजेडात चालायचो. माझा मोबाइल जुना, संध्याकाळपर्यंत मान टाकायचा. एका संध्याकाळी तिचाही बंद पडला. ती म्हणाली, "चल गो, रोजचाच रस्ता हाय," आणि पुढे झाली. मोरीच्या कडेवरून तिचा पाय गेला. खाली पाणी गुडघाभरच, पण दगड. मी हाका मारत होते आणि ती "आय आय" करत होती, आणि मला ती दिसत नव्हती. तिचा घोटा मोडला. शहापूरला नेऊन प्लास्टर घातलं. नंतर ती कामावर आलीच नाही. मी एकटी चालायला लागले.

नवऱ्याला म्हटलं, "मला एक बॅटरी घ्यायची हाय. चांगली."

"मोबाइल हाय ना."

"मोबाइल बंद पडतो."

"मग नवीन मोबाइल घेऊ दिवाळीला."

"मला मोबाइल नको. बॅटरी पायजे. रोज खिशात ठेवायला."

तो हसला. "बायको आता वॉचमन झाली," म्हणाला. पण नाही म्हणाला नाही. स्वभावाने तो वाईट नव्हता. हे मी आजही म्हणते, आणि म्हणूनच जास्त जळते.

माझं माहेर सिद्धगडाच्या पायथ्याला. भावाकडे देवाचं काहीतरी होतं म्हणून आम्ही मोटारसायकलने गेलो होतो. परतताना मुरबाडच्या बाजारात थांबलो. एस.टी. स्टँडच्या बाजूच्या गल्लीत विजेच्या सामानाचं दुकान आहे, तिथे काचेच्या कपाटात बॅटऱ्या मांडलेल्या दिसल्या. दुकानदाराने आधी मोठी पिवळी काढली, खांद्याला अडकवायची. मग एक निघाली तिच्यात रेडिओ होता. मग ओढून लहानमोठी होणारी. मी एकेक हातात घेऊन बाजूला ठेवत होते.

"ताई, नेमकं पायजे काय तुमाला?" तो वैतागला.

"बारकी. खिशात मावेल अशी. सेल निघायला पायजे, आणि आपोआप पेटायला नको."

नवरा माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "हिला सगळं म्हायत हाय. गोडाऊनला हेच करते ती." त्याच्या बोलण्यात कौतुक होतं. परक्या माणसासमोर त्याने माझं कौतुक केल्याचं मला तरी तेवढंच आठवतं.

दुकानदाराने खालच्या खणातून एक खोका काढला. तीच निघाली, काळी, बोटाएवढी. मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. नवऱ्याने ती माझ्या हातातून घेतली, दोनदा दाबली, दुकानाच्या छतावर उजेड मारला, मग समोरच्या भिंतीवर. "बारीक दिसते पण जोर हाय," म्हणाला. मग त्यानेच घासाघीस केली. खोका मोठा होईल म्हणून मी तो दुकानातच टाकला, बॅटरी ओढणीच्या टोकात बांधली आणि मोटारसायकलवर बसले. बिल कुणी मागितलं नाही, कुणी दिलं नाही. आमच्याकडे बॅटरीचं बिल कोण घेतं?

ती थंडी आणि पुढचा सगळा उन्हाळा मी सुखाने चालले. कमी उजेडावर ठेवली की पावलापुरतं दिसायचं आणि चार्जिंग आठवडाभर पुरायचं. मोरीवर आले की जास्त उजेड करायचे. एकदा वाटेत घोणस पसरलेली दिसली, जाड, साखळीसारख्या ठिपक्यांची. मी उजेड तिच्यावर धरून उभी राहिले, ती सावकाश गवतात गेली, मग मी पुढे गेले. घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "काम सोड." बॅटरी होती म्हणून वाचले, हे कुणाच्या मनात आलं नाही.

गोडाऊनमध्ये आत काहीच न्यायचं नसतं. मोबाइल, डबा, पर्स, सगळं गेटजवळच्या कपाटात. सकाळी गेटवर एक बाई असायच्या, वयाने मोठ्या, खाकी साडीतल्या. पहिल्याच दिवशी मी त्यांना बॅटरी दाखवली होती. "अंधाराची लागते," म्हटलं. त्यांनी बघितली आणि म्हणाल्या, "जा बाई." त्यानंतर रोज नुसती मान हलवायच्या. पुढे त्यांची ड्युटी दुसऱ्या कुठल्यातरी गोडाऊनला लागली आणि गेटवर नवीन माणसं आली.

पावसाळ्याच्या सुरुवातीला एक दिवस सुटताना गेटवर रांग थांबवली. परत आलेल्या मालात काही कमी भरत होतं, म्हणून सगळ्यांच्या पिशव्या उघडायच्या होत्या. माझी पाळी आली. गार्डने पर्स उलटी केली. फणी, पास, डोकेदुखीच्या गोळ्या, आणि बॅटरी.

"ये क्या है?"

"बॅटरी. माझी हाय."

त्याने ती सुपरवायझरला दाखवली. सुपरवायझरने बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. जे कमी भरत होतं त्यात हीच बॅटरी होती. हीच कंपनी, हाच रंग.

मला बाजूच्या खोलीत बसवलं. एक मॅनेजर आले, शर्टाच्या बाह्या दुमडलेले, शांत बोलणारे. म्हणाले, "बाई, घाबरू नका. खरं सांगा."

"सर, मी मुरबाडला घेतली. किती महिने झाले, रोज आणते. गेटवरच्या जुन्या बाईंना म्हायत हाय."

"बिल?"

"बिल नाय."

"खोका?"

"दुकानातच टाकला."

मी त्यांना बॅटरीची पट्टी दाखवली. "हे बघा सर, रंग उडालाय. रोज खिशाला लावून. नवी असती तर अशी असती का?"

त्यांनी ती हातात घेऊन बघितली. मग म्हणाले, "तुम्ही रिटर्नला आहात ना? रिटर्नचा माल वापरलेलाच असतो."

त्यांचं बरोबर होतं. मी दुसरी कुठली घेतली असती, ओढायची, रेडिओची, मोठी पिवळी, तर त्यांनी पर्समध्ये परत टाकून मला जायला सांगितलं असतं. मी पारखून चांगली घेतली, तेच नडलं.

"माझ्या मालकांना विचारा," मी म्हटलं. "बाहेर बस घेऊन उभे हायत. त्यांच्या समोर घेतली. त्यांनीच भाव केला."

त्याला बोलावलं. त्याच्याबरोबर ठेकेदाराचा माणूसही आत आला, गाड्यांचं बघणारा. तो आला नसता तर काय झालं असतं, याचा मी फार विचार केला आहे. नवरा दारात उभा राहिला. टेबलावर बॅटरी होती. त्याने ती बघितली, माझ्याकडे बघितलं नाही.

मॅनेजरांनी विचारलं, "ही तुमच्यासमोर विकत घेतली का?"

ठेकेदाराचा माणूस मध्येच म्हणाला, "नीट आठवून बोल. दोघं मिळून करता असं उद्या कुणी म्हणायला नको. गाडीपण रोज आत-बाहेर जाते तुझी."

नवऱ्याने तोंडावरून हात फिरवला. म्हणाला, "आमी मुरबाडला गेलो होतो. पण मी गाडीपाशी होतो. हिनं काय घेतलं, मला काय म्हायत नाय."

खोलीत पंखा चालू होता. मी नवऱ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता तो पुढे काहीतरी म्हणेल. आठवलं म्हणेल. तो म्हणाला, "साहेब, बायांना घेऊन निघू का? कसाऱ्याच्या थांबल्यात."

त्याला जाऊ दिलं. मला एका कागदावर सही करायला लावली, की मी स्वतःहून काम सोडते आहे. पोलिसांत देत नाही हे उपकार समजा, असं सांगितलं. बॅटरी टेबलावरच राहिली. मी मागितली नाही. मागितली असती तर देणार नव्हते.

त्या संध्याकाळी मी बसमध्ये बसले नाही. रिक्षाने शहापूरला आले, तिथून शेणव्याला जाणाऱ्या जीपने. फाट्यावर उतरले तेव्हा पाऊस पडत होता. मोरीवर मी बसूनच सरकत, हाताने चाचपत पलीकडे गेले. भीती वाटली नाही. अंगात राग एवढा होता की भीतीला जागाच नव्हती.

सकाळी नवरा अंगणात मोटारसायकल पुसत होता. रात्री आला तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून झोपले होते, त्यामुळे बोलणं झालं नव्हतं. मी समोर जाऊन उभी राहिले.

"एक शब्द बोलायचा होता तुमी. व्हय म्हणायचं. खरं होतं ते."

"बोललो असतो तर माजीपण गेली असती."

"गेली असती तर गेली असती."

"मग खाल्लं काय असतं? पोरीची शाळा कशी केली असती? त्यो माणूस काय बोलला, ऐकलं ना तू? गाडी आत-बाहेर जाते म्हणून. दोघांनाबी आत घातलं असतं."

"तुमी दुकानात छतावर उजेड मारला होता. मला म्हणालात, जोर हाय."

तो फडकं पिळत राहिला. "झालं ते झालं," म्हणाला. "एकाची तरी राहिली." आणि किक मारून कामाला गेला. त्याच बसवर, त्याच गेटमधून.

त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं मला ठामपणे म्हणता येत नाही, हाच माझा खरा त्रास आहे. घर त्याच्या पगारावर चालत राहिलं. त्या पगाराची भाजी मी चिरली, भाकऱ्या मी भाजल्या, आणि मीही जेवले.

वाडीत बातमी माझ्याआधी पोचली होती. बसमधल्या बायकांनी सांगितली असणार. विहिरीवर गेले की बोलणं थांबायचं. एकीने पोरीला हटकलं, "तुझ्या आयनं बॅटरी आणली होती ना गो?" पोर लहान. तिला वाटलं खरंच विचारतात. म्हणाली, "व्हय, पण ती कंपनीनं घेतली." सासूबाई मला काही टाकून बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाईमाणसाला कशाला लागतं असलं पर्समध्ये?" जिचा घोटा मोडला होता ती शेजारीण मात्र लंगडत घरी आली. ओट्यावर बसली, माझा हात हातात घेऊन. "मी बघितलीय तुझी बॅटरी," म्हणाली. "मी सांगते चल." पण तिचं कोण ऐकणार? ती पॅकिंगची, तीही काम सोडलेली.

मी मुरबाडला गेले. एकटी, किन्हवली-सरळगाव रस्त्याने एस.टी.ने. दुकानदाराने मला लगेच ओळखलं. "त्या ताई ना तुमी? सगळ्या बाजूला सारणाऱ्या?" हसत होता. मी काय झालं ते सांगितलं, तसं त्याचं हसू गेलं. म्हणाला, "अहो, तुमच्या मालकांनीच तर भाव पाडला माझा. मला चांगलं आठवतंय. लावा फोन, मी बोलतो."

मी दुकानाच्या काउंटरवरून सुपरवायझरला फोन लावला. दुकानदाराचं नाव सांगितलं, तो बोलायला तयार आहे म्हणून सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, वो मॅटर क्लोज हो गया. आपने खुद साइन किया." फोन ठेवला. दुकानदाराने कपाटातून तसलीच एक काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "घ्या. पैसे राहू द्या." मी घेतली नाही. काउंटरवरून परत त्याच्याकडे सरकवली.

तिथून मी घरी न येता माहेरी गेले. आईला सगळं सांगितलं. नवऱ्याचं सांगितलं तेव्हा आई चुलीतलं लाकूड आत ढकलत होती. तिचा हात थांबला नाही. म्हणाली, "मारलं का त्यानं तुला?"

"नाय."

"दारू पितो?"

"नाय गो आय."

"मग जा उद्या. पोर वाट बघत असंल."

सिद्धगडावर ढग उतरले होते, समोरचं काही दिसत नव्हतं. मी ओट्यावर बसून राहिले. भाऊ आला, त्यानेही ऐकलं. मला वाटलं तो तरी चिडेल. तो म्हणाला, "भावजीचं पण बघायला पायजे. त्याची अडचण होती." सगळ्यांना त्याची अडचण दिसत होती. सकाळी मी निघाले. पोर खरंच वाट बघत होती.

गणपतीनंतर कधीतरी बसमधली एक बाई बाजारात भेटली. इकडंतिकडं बघून म्हणाली, "तुला कळलं का? त्या बॅटऱ्या सापडल्या." रॅक हलवला तेव्हा मागे एक खोका पडलेला मिळाला. त्यात जेवढ्या कमी भरत होत्या तेवढ्या होत्या. वर माझ्याकडून घेतलेली एक जास्त. मी विचारलं, मग काय केलं? ती म्हणाली, "काय करणार? मालात लावल्या." मला कुणी बोलावलं नाही, फोन केला नाही. माझी बॅटरी कुणीतरी मागवली असेल, पट्टीचा रंग उडालेला बघून वैतागलं असेल, किंवा नसेलही.

हे मी नवऱ्याला सांगितलं. त्याला आधीच माहीत होतं. "मला कळलं होतं," म्हणाला.

"कवा?"

"झाले काही दिवस."

"मग बोलला का नाय?"

"बोलून काय होणार होतं? तुला परत त्रास."

त्यानंतर मी त्याला काही विचारायचं सोडून दिलं. भांडण केलं नाही. घरात लागेल तेवढं बोलायचे, मीठ संपलं, पोरीला ताप आहे, गॅस आणा. लोकांना वाटायचं आमचं छान चाललं आहे.

शेणव्याजवळच्या एका आश्रमशाळेत मला स्वयंपाकाचं काम मिळालं. उजाडल्यावर जायचं, दुपार कलली की परत. पोरांच्या भाताची पातेली मोठी, हात भरून येतात, पण कुणी पर्स उलटी करत नाही. मोरीला अजून कठडा नाही. मध्ये पंचायतीने खांबांवर दिवे लावले, फोटो काढले, पावसात दोनच राहिले.

गेल्या वर्षी गोडाऊनने ठेकेदार बदलला. नवीन ठेकेदाराने स्वतःच्या गाड्या आणि स्वतःचे ड्रायव्हर आणले. जुन्यांना महिन्याच्या मध्येच घरी बसवलं. गाड्यांचं बघणाऱ्या माणसाने नवऱ्याचा फोनही उचलला नाही. आता तो कधी कुणाच्या टेम्पोवर जातो, कधी घरी असतो. मला वाटलं होतं, असं झालं तर मला बरं वाटेल. वाटलं नाही. फक्त पातेली आणखी जड लागायला लागली.

एका संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते. तो चुलीपाशी येऊन बसला. मग म्हणाला, "त्या टायमाला मी बोलायला पायजे होतं."

मी तव्यावरची भाकरी उलटली. ती फुगायची वाट बघितली. ती फुगली नाही, एका बाजूने फाटली. ती त्याच्या ताटात ठेवली आणि पुढची थापायला घेतली.